पाब्लो, तू नक्की कुणाच्या बाजूने?

माझी रूममेट स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स करते. परीक्षा जवळ आली की खोलीत दिवसभर स्पॅनिश गाणी सुरू असतात, कारण तिच्या मॅडमनी सांगितलंय, ‘व्याकरण पुस्तकातून शिका, पण कान गाण्यांनी तयार करा.’ त्यामुळे माझ्याही कानांची फुकटात तयारी चाललीये. एका रात्री असंच एक गाणं लागलं. गिटार आणि एक आवाज. मऊ, उबदार, अजिबात घाई नसलेला. मी विचारलं, ‘काय म्हणतोय गं हा?’ ती म्हणाली, ‘गाण्याचं नाव आहे, माझी 22 वर्षं.’

मी उठूनच बसले. कारण मी 22 वर्षांची आहे. हे वाचणारे तुम्हीही बरेचजण 22 च्या अलीकडे-पलीकडेच असाल. आपल्या 22 वर्षांवर गाणं लिहायचं झालं तर काय लिहाल? इंटर्नशिपचा स्टायपेंड, ‘पुढे काय’ विचारणारे काका, रात्री दोनला येणारं उगाचचं डिप्रेशन... मी तरी एवढंच लिहिलं असतं. या माणसाने 1965 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, निराशेकडून जगण्याकडे तोंड वळवणारं गाणं लिहिलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या देशाने त्याला उचलून श्रमछावणीत टाकलं.

त्याचं नाव पाब्लो मिलानेस. क्युबाचा गायक-गीतकार. गेले काही दिवस मी त्याला ऐकतेय आणि त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. त्याची ओळख करून द्यायला मी हे लिहितेय हे खरं, पण मला त्याच्या निमित्ताने तुमच्याशी एका गोष्टीवर थोडं भांडायचंही आहे.

आधी ओळख

पाब्लोचा जन्म 24 फेब्रुवारी 1943 चा, पूर्व क्युबातल्या बायामो गावातला. हे गाव साधंसुधं नाही. क्युबाचं राष्ट्रगीत 1868 मध्ये पहिल्यांदा याच गावात गायलं गेलं. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सैन्य चालून आलं, तेव्हा गाव त्यांच्या हाती देण्यापेक्षा लोकांनी स्वतःच ते पेटवून दिलं. पाब्लो लहान असतानाच त्याचं कुटुंब हवानाला आलं. तिथे तो गाणं शिकला, पण खरा तयार झाला तो मित्रांच्या घरच्या मैफलींत.

त्या काळी हवानात ‘फिलिन’ नावाचा प्रकार जोरात होता. इंग्रजीतला फीलिंग हा शब्द स्पॅनिश जिभेवर येऊन झाला फिलिन. जुनी बोलेरो म्हणजे प्रेमगीतं घ्यायची, त्यात जॅझचे सूर मिसळायचे आणि समोर चारच माणसं बसलीयेत असं समजून गायचं. क्युबात याहून जुनी एक परंपराही होती, त्रोवा. गिटार खांद्याला लावून गावोगाव फिरणारे, स्वतःच गाणी रचून स्वतःच गाणारे कलाकार. आपल्याकडचा शाहीर डोळ्यांसमोर आणा, फक्त डफाच्या जागी गिटार.

1959 मध्ये फिडेल कॅस्ट्रोची क्रांती झाली तेव्हा पाब्लो जेमतेम 16 वर्षांचा होता. म्हणजे कळायला लागण्याचं वय आणि क्रांतीचं वय एकच. त्या पिढीने क्रांतीवर अक्षरशः प्रेम केलं. ‘माझी 22 वर्षं’ या गाण्यात फिलिनचा हळवेपणाही आहे आणि पुढे येणाऱ्या नव्या गाण्याची चाहूलही. क्युबन संगीताचे जाणकार त्याला या दोन काळांमधला पूल मानतात.

‘उमाप’

मराठीत उमाप म्हणजे मोजता येणार नाही इतकं. क्युबात 1965 च्या शेवटी जे सुरू झालं, त्याच्या लांबलचक स्पॅनिश नावाची अद्याक्षरंही उमापच होतात. नावाचा अर्थ साधारण असा, उत्पादनाला मदत करणाऱ्या लष्करी तुकड्या. प्रत्यक्षात त्या कामागुए प्रांतातल्या काटेरी तारांमागच्या श्रमछावण्या होत्या. सरकारला जे तरुण ‘नव्या समाजात न बसणारे’ वाटले, त्यांना तिथे पाठवलं गेलं. समलिंगी, यहोवा विटनेस पंथाचे, चर्चला जाणारे, लांब केस ठेवणारे, कुणाला नुसतेच ‘वेगळे’ वाटलेले. पुढे हवानाचे आर्चबिशप झालेले हायमे ओर्तेगा हेही त्यांतलेच. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शेतात काम, मुख्यतः ऊसतोडणी.

पाब्लोलाही तिथेच नेलं. त्याने पुढे अनेक वर्षांनी मुलाखतीत सांगितलं, की तो छावणीतून पळाला. आता पळालेला माणूस काय करतो? लपतो. हा पठ्ठ्या थेट हवानाला गेला, आपल्यावर अन्याय होतोय अशी तक्रार करायला! म्हणजे अजूनही त्याचा विश्वास होता की वर कुणाला हे माहीत नसेल, कळलं तर थांबवतील. तक्रारीचं उत्तर म्हणून त्याला ला कबानिया किल्ल्याच्या तुरुंगात दोन महिने ठेवलं आणि मग आणखी कडक छावणीत पाठवलं. देशोदेशींच्या लेखक-कलाकारांनी आवाज उठवल्यावर या छावण्या 1968 पर्यंत बंद झाल्या.

आता सांगा, तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय केलं असतंत? मी तर पहिली बोट पकडून फ्लोरिडा गाठलं असतं. क्युबापासून अमेरिका जेमतेम 150 किलोमीटर. कितीतरी जण गेले आणि त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही.

पाब्लो गेला नाही. उलट फेब्रुवारी 1968 मध्ये तो हवानाच्या ‘कासा दे लास अमेरिकास’ या सांस्कृतिक केंद्रात सिल्व्हिओ रॉड्रिगेज आणि नोएल निकोला या दोन तरुणांसोबत गायला उभा राहिला. तीन मुलं आणि गिटारी. त्या कार्यक्रमातून जे सुरू झालं त्याला पुढे ‘नुएवा त्रोवा’, म्हणजे नवी त्रोवा, असं नाव पडलं. 1969 मध्ये क्युबाच्या सरकारी चित्रपट संस्थेने या मुलांना आपल्या छताखाली घेतलं. लिओ ब्रॉवरसारखा जगप्रसिद्ध गिटारवादक-संगीतकार त्यांना हार्मनी आणि रचनाशास्त्र शिकवायचा आणि ती मुलं सिनेमांना संगीत द्यायची. म्हणजे एका सरकारी खात्याने त्याला कुंपणाआड टाकलं आणि दुसऱ्या सरकारी खात्याने त्याला संगीतकार म्हणून घडवलं. आपल्याला एकरंगी गोष्टी आवडतात, हिरो किंवा व्हिलन. ही गोष्ट तशी नाहीच मुळी.

योलांदा आणि चिली

1970 मध्ये पाब्लोला मुलगी झाली आणि त्याने बायकोसाठी एक गाणं लिहिलं. तिचंच नाव दिलं, ‘योलांदा’. तुम्ही याचं एकच गाणं ऐकणार असाल तर हेच ऐका. स्पॅनिश बोलणाऱ्या जगात हे गाणं माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. ब्राझीलच्या चिको बुआर्केने त्याचं पोर्तुगीज रूप केलं आणि तिकडेही ते घराघरांत गेलं. मला त्यात आवडतं ते हे, की पंचविशी ओलांडलेला, छावणी पाहिलेला एक माणूस अतिशय साध्या शब्दांत प्रेमाबद्दल बोलतो आणि त्यात कुठेही कडवटपणा नाही.

1973 मध्ये चिलीत लष्कराने अध्यक्ष साल्वादोर आयेंदेंचं सरकार उलथवलं. हजारो लोक मारले गेले, परागंदा झाले. पाब्लोने तेव्हा सांतियागो शहराच्या रस्त्यांवर परत येण्याची आस असलेलं गाणं केलं. देश सोडावा लागलेल्या चिलीच्या लोकांनी ते आपलंच मानलं. 1984 मध्ये अर्जेंटिनात लष्करशाही संपून काही महिनेच झाले होते, तेव्हा सिल्व्हिओ आणि पाब्लो ब्युनोस आयर्समध्ये एकत्र गायले. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आजही मिळतं. श्रोत्यांचा आवाज ऐका त्यात. कितीतरी वर्षं गप्प बसवलेली माणसं एकत्र गातात तेव्हा कसा आवाज येतो, ते कळतं.

आणि मग तो बोलायला लागला

सोव्हिएत युनियन कोसळल्यावर क्युबाचे हाल झाले. इंधन नाही, वीज नाही, रेशनवर काही नाही. वर अमेरिकेची नाकेबंदी होतीच. त्या काळात, 1993 मध्ये, पाब्लोने स्वतःच्या कमाईतून कलाकारांना मदत करणारी एक संस्था काढली. सरकारी चौकटीबाहेर चालणारी. दोनच वर्षांत सांस्कृतिक मंत्रालयाने ती बंद केली.

पुढे तो मुलाखतींमधून उघड बोलायला लागला. नेते म्हातारे झालेत, बदल हवाय, तरुणांचं ऐका. 2010 मध्ये गिलेर्मो फारिन्यास हा सरकारविरोधी कार्यकर्ता उपोषणाला बसला होता. तो मेला तर ते निषेधार्ह ठरेल, असं पाब्लो बोलला. तेव्हा सरकारच्या पाठीराख्यांनी त्याला गद्दार ठरवलं.

मग 2011 मध्ये तो अमेरिकेत मायामीला गायला गेला. मायामी म्हणजे क्युबातून बाहेर पडलेल्या लोकांचं शहर. तिथे तरी त्याचं स्वागत व्हावं की नाही? आत हजारो लोक ऐकत होते आणि बाहेर निदर्शनं चालली होती, कॅस्ट्रोचा गवई परत जा म्हणून. कारण मी डावाच आहे, हेही तो सोडायला तयार नव्हता. सिल्व्हिओशीही त्याचं जाहीर बिनसलं. एकाच गिटारीने सुरुवात केलेले दोन मित्र, आणि संबंध तुटले ते देशावर प्रेम कसं करायचं या मुद्द्यावर!

हवानाला तो सरकारविरोधी, मायामीला सरकारचा माणूस. इकडे आड, तिकडे विहीर. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडून ट्रोल.

आता आपलं

इथे मला माझी एक गोष्ट सांगायचीय. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात एक लेख लिहिला होता. कॉलेजबद्दल प्रेमानेच. लायब्ररी, कट्टा, पावसात गळणारा वर्ग, सगळं. त्यात एक परिच्छेद मुलींच्या हॉस्टेलबद्दल होता. रात्री साडेसातला गेट बंद, मुलांना मात्र दहापर्यंत मोकळीक, वगैरे. संपादक मंडळातल्या एका सरांनी बोलावलं आणि अतिशय मायेने म्हणाले, ‘बेटा, आपलंच कॉलेज आहे ना? आपलेच दात, आपलेच ओठ. चव्हाट्यावर कशाला आणायचं?’

मी तो परिच्छेद काढला. कुणी धमकी दिली नव्हती. मार्क कापले जाणार नव्हते. नुसतं ‘आपलंच’ या एका शब्दाने काम झालं. अंक छापून आला, सगळ्यांनी कौतुक केलं आणि गेट अजूनही साडेसातलाच बंद होतं. माझ्या ज्युनिअर मला अधूनमधून सांगतात.

पाब्लोबद्दल वाचताना मला सारखा तो परिच्छेद आठवला. त्याला तर देशाने छावणीत टाकलं होतं, मित्र दुरावले होते, त्याची संस्था बंद झाली होती. तरी ‘हे माझंच आहे, म्हणूनच मी बोलणार’ असं त्याचं वागणं होतं. आणि मी एका परिच्छेदासाठी वाद घातला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याचं प्रेम आहे त्यानेच आधी तक्रार करावी, त्याचा तो पहिला हक्क. बाहेरचा बोलेल तेव्हा त्याला चूक दिसेल, पण त्या चुकीने आपलं काय मोडतं ते आतल्यालाच माहीत असतं. मग पक्ष असो, कॉलेज असो, जात असो, आवडता क्रिकेटर असो की स्वतःचं घर. आपण मात्र उलटं करतो. समोरच्या गटातल्या चुका पाठ असतात आणि आपल्या गटातल्या दिसल्या की स्क्रोल करून पुढे जातो. कुणी बोललंच तर पहिला प्रश्न, ‘तू नक्की कुणाच्या बाजूने?’ आपल्या वर्गाच्या ग्रुपवर शेवटचा वाद आठवा. बोलणाऱ्याचा मुद्दा खरा की खोटा हे कितीजणांनी तपासलं होतं?

पण थांबा

हे लिहून मी माझ्या एका मित्राला वाचायला दिलं. तो म्हणाला, ‘तू त्याला फारच सोपं सोडतेयस.’ त्याचे दोन मुद्दे होते आणि दोन्हींत दम आहे.

पहिला असा की, पाब्लो उशिरा बोलला. छावणीबद्दल त्याने जगाला सविस्तर सांगेपर्यंत दशकं उलटली. त्या मधल्या काळात तो क्रांतीचा आवाज म्हणून जगभर गात होता आणि त्याच्याबरोबर छावणीत असलेल्या कितीतरी जणांकडे ना गिटार होती ना माइक. त्यांचं काय? हे मला मान्य आहे. प्रेम माणसाला बोलायला लावतं तसं गप्पही करतं, हे माझ्या परिच्छेदावरून मला पुरतं ठाऊक आहे. फिडेल कॅस्ट्रोने समलिंगींच्या छळाची जबाबदारी आपली होती असं 2010 मध्ये मान्य केलं, तोवर त्यांतल्या अनेकांचं अर्धं आयुष्य सरलं होतं.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता. पाब्लोला बोलणं परवडत होतं. तो इतका मोठा होता की त्याला हात लावणं सरकारलाच महागात पडलं असतं, आणि 2017 पासून तर तो माद्रिदमध्येच राहत होता. तिथल्या साध्या पोरांचं काय होतं? 11 जुलै 2021 ला क्युबाभर लोक रस्त्यावर उतरले. अन्न नाही, औषधं नाहीत, वीज नाही. सुरुवात झाली सान अंतोनियो दे लोस बान्योस गावात, जे नेमकं सिल्व्हिओ रॉड्रिगेजचं जन्मगाव! पकडापकडी झाली. पाब्लोने दडपशाहीचा जाहीर निषेध केला. सरकारच्या जास्त जवळचा मानला जाणारा सिल्व्हिओसुद्धा, ज्यांनी हिंसा केली नाही त्यांना सोडा, असं म्हणाला. त्या वर्षी ‘पात्रिया इ व्हिदा’ म्हणजे ‘मायभूमी आणि जगणं’ हे तरुणांचं गाणं गाजत होतं. ते रचणाऱ्यांपैकी मायकेल ओसोर्बो हा रॅपर मे 2021 पासून तुरुंगात होता आणि जून 2022 मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा जाहीर झाली.

त्याच आठवड्यात, 21 जून 2022 ला, पाब्लो हवानात शेवटचं गायला होता. दोन्ही बातम्या शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. 79 वर्षांचा आजारी गायक गाऊ शकतो आणि त्याच शहरातला तरुण गायक तुरुंगात असतो. मित्राचं बरोबर आहे. मोठ्या झाडाला वाऱ्याची भीती कमी असते.

पण त्यावरून माझा मुद्दा खोटा ठरतो असं मला वाटत नाही. ज्याला बोलणं परवडतं त्याने बोलायलाच हवं, एवढाच त्याचा अर्थ निघतो. आणि खरं सांगू? आपल्यापैकी पुष्कळांना परवडतं. मला त्या परिच्छेदाची किंमत काय पडली असती? सरांची थोडी नाराजी. तेवढ्यालाच मी घाबरले.

शेवटची मैफल

तो शेवटचा कार्यक्रम आधी नॅशनल थिएटरमध्ये ठरला होता. तिकिटं सर्वसामान्यांना मिळतच नाहीयेत, सरकारी संस्थांमध्येच वाटली जातायत, अशी ओरड झाली. इतकी की कार्यक्रम मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये हलवावा लागला. हजारो लोक आले. आजी-आजोबा होते, त्यांची मुलं होती आणि तुमच्या-माझ्या वयाची पोरंही होती. पाब्लो खुर्चीत बसून गायला. व्हिडिओ बघाल तर कळेल, कित्येकदा तो थांबतो आणि लोकच गाणं पुढे नेतात. पाच महिन्यांनी, 22 नोव्हेंबर 2022 ला, तो माद्रिदमध्ये गेला.

गेल्यावर क्युबाच्या अध्यक्षांनी शोक व्यक्त केला आणि सरकारच्या विरोधकांनीही. आयुष्यभर दोन्हीकडून शिव्या खाल्लेल्या माणसाला शेवटी दोन्हीकडून आपलं म्हटलं गेलं. त्याने यावर काय म्हटलं असतं कोण जाणे. ‘जिवंत असताना ऐकलं असतंत तर बरं झालं असतं,’ असं म्हणायला तरी त्याला नक्कीच जागा होती.

तर आज रात्री हेडफोन लावा. आधी ‘योलांदा’ ऐका, मग 1984 चा ब्युनोस आयर्सचा कार्यक्रम, मग शेवटच्या मैफलीचा व्हिडिओ. भाषा कळली नाही तरी चालेल, मलाही अजून अर्धीच कळते. आणि तुमच्या ‘आपल्या’ कुठल्या तरी जागेबद्दल मनात दाबून ठेवलेला एक परिच्छेद असेल, तर तो लिहा. माझ्या ज्युनिअर्सना मी परवाच फोन केला. या वर्षीच्या अंकासाठी त्या हॉस्टेलच्या गेटवर लिहितायत. सर पुन्हा ‘आपलंच कॉलेज आहे ना’ म्हणाले तर काय उत्तर द्यायचं, तेही आमचं ठरलंय. ‘हो सर, म्हणूनच.’